वाकड्या दगडाला गेरू

जव्हारच्या बाजारात रंगाचं दुकान चालवणारे एक चाचा होते. मोखाड्याकडे कुठला साहेब येणार हे कचेरीच्या आधी त्यांना कळायचं. कुणी गेरू आणि चुना घ्यायला आलं की ते विचारायचे, "कौन आ रहा है?" मग किती नेतोय ते बघून स्वतःच उत्तर द्यायचे. दोन किलो गेरू म्हणजे विस्तार अधिकारी. अर्धं पोतं म्हणजे थेट मंत्रालय.

वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने गेली, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. त्या गावांची नावं पेपरात आली आणि आमच्या दोन्ही तालुक्यांत गाड्यांची रांग लागली. मुलं वजनकाट्यावर चढायला शिकली आणि आम्ही दगड रंगवायला शिकलो. साहेब कशासाठीही येवो, फाटकापासून ऑफिसपर्यंत वाटेच्या दोन्ही कडांना दगड मांडायचे. एक गेरूचा, एक चुन्याचा. झाडांच्या बुंध्यांना पट्टे. रंगवलेल्या दगडांनी कुणाचं वजन वाढलं नाही, पण दगड रंगवलेले नसले तर वहीत शेरा यायचा.

मी तेव्हा मोखाडा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. झाडलोट, पाणी, सरपण हे बघायला आमच्याकडे एक कामाठी होते. वारली, पन्नाशीचे, कमी बोलणारे. रंगकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जे हलत नाही ते रंगवायचं, एवढा एकच नियम ते पाळायचे. एकदा फाटकाशी रवंथ करत बसलेल्या शेळीची शिंगं त्यांनी चुन्याने रंगवली होती. मी विचारलं तर म्हणाले, "हलली नाय ना ती, बाय."

त्या साली वसतिगृहाच्या आवारात विहीर खोदायला घेतली. आमच्याकडे पाऊस असा पडतो की भिंतींना शेवाळ चढतं, आणि फेब्रुवारीत मुलींना हंडे घेऊन दरीत उतरावं लागतं. मुरूम संपला, काळा पाषाण लागला, सुरुंग लावले. मग त्याच्याखाली लागला मांजऱ्या. विहीर खोदणारे भोकाभोकांच्या, जरा मऊ खडकाला मांजऱ्या म्हणतात. त्यातल्या भोकांत पांढऱ्या, गुलाबी, हिरवट गारगोट्या बसलेल्या होत्या. मुली त्यांनी सागरगोटे खेळायला लागल्या. मला त्यात एवढाच रस होता की मांजऱ्या लागला म्हणजे पाणी जवळ आलं.

ही बातमी कशी कोण जाणे पुण्याला पोचली आणि एक मुलगी हातोडी घेऊन हजर झाली. दगडांवर डॉक्टरेट करत होती. बारीक चण, जाड चष्मा, पाठीवर तिच्याहून जड पिशवी. वरिष्ठांचं पत्र आणलं होतं, म्हणून कोठीशेजारची खोली तिला दिली. ती दिवसभर विहिरीच्या काठावर बसायची आणि वर आलेला प्रत्येक दगड उलटासुलटा करून बघायची. खोदणारे म्हणायचे, "ताई, भाजी घेताय काय? सगले सारखेच हायेत."

सारखे नव्हते, असं तिचं म्हणणं. जेवताना ती आम्हाला समजावून सांगायची, आणि आमची स्वयंपाकीण तिला मधेमधे अडवायची. स्वयंपाकीण विधवा बाई, साखरशेतची. तोंडाची तिखट, हाताची त्याहून.

"घावनाला कशी जाळी पडते?" मुलगी म्हणाली. "तसंच. इथे तापलेल्या खडकाचा रस पसरला, त्यात हवेचे बुडबुडे राहिले. रस थिजला, भोकं राहिली. मग त्या भोकांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यातून हे स्फटिक वाढले."

"किती वेळ लागला?"

"लाखो वर्षं."

"मग माझं घावन बरं," स्वयंपाकीण म्हणाली.

या दगडांच्या कुळाला झिओलाइट म्हणतात. त्यांच्या अंगातच पाणी असतं. ओल नाही, दगडाच्या घडणीतच बसलेलं पाणी. तापवला की ते बाहेर पडतं, काही जातींना तर फेस येतो. हे दाखवायला तिने एक दिवस काचेच्या नळीत दगडाचा चुरा घातला आणि चुलीच्या निखाऱ्यांवर धरला. थोड्या वेळाने नळीच्या वरच्या गार भागात खरोखर थेंब जमले. आम्ही सगळ्या वाकून बघत होतो.

स्वयंपाकीण म्हणाली, "दगडातनं पाणी निघतंय तर विहीर कशाला खोदताय? मुलींना एकेक दगड द्या आणि बसवा चुलीपुढे."

दुसऱ्या दिवशी खरंच तीन मुली चुलीत दगड घालून, वर वाटी उपडी धरून बसलेल्या सापडल्या. मी त्यांना हंडे देऊन दरीत पाठवलं.

मग एके दिवशी ती मुलगी विहिरीकडून ओरडत आली. मला वाटलं, विंचू. तिच्या हातात नारळाएवढ्या दगडाचा तुकडा होता. वरच्या पोकळीत पांढरे, काचेसारखे स्फटिक टोकं वर करून उभे. इतर स्फटिकांच्या बाजू पट्टीने आखल्यासारख्या सरळ असतात. यांच्या नव्हत्या. उन्हात वाळताना पापड कसा कडेने वळतो, तशा या स्फटिकांच्या बाजू वळलेल्या होत्या. त्या जातीची ओळखच ती. अमेरिकेत कुठेतरी हंसांच्या नावाचा ओढा आहे, तिथल्या खाणीत हा पहिल्यांदा मिळाला, म्हणून त्याला गूसक्रीकाइट म्हणतात. जगात मोजक्या ठिकाणी सापडतो. आमच्या वरच्या अंगाला, नाशिककडे मिळालेला आहे. आमच्या बाजूला मिळाल्याचं तिला कुठे वाचल्याचं आठवत नव्हतं.

स्वयंपाकिणीने एकदा बघितलं आणि त्याचं नाव ठेवलं, वाकड्या. ते सगळ्यांना म्हणायला जमलं.

अडचण अशी होती की असाच एक छोटा तुकडा तिला आधी मिळाला होता आणि तो तिने डब्यात घालून एसटीने पुण्याला नेला होता. वाकड्या एका दिशेने टचकन फुटतो. जव्हारचा घाट उतरून गाडी खाली पोचेपर्यंत डब्यात पांढरी भुकटी उरली होती. तिच्या सरांनी डबा उघडून विचारलं होतं, "हे काय, मीठ?" आणि वर सांगितलं होतं की तिने साध्या, सगळीकडे मिळणाऱ्या स्टिल्बाइटलाच काहीतरी भलतं समजून घेतलंय. तिकडे असलं काही नसतं. तपासणीचं महागडं यंत्र त्यांच्या सहीशिवाय मिळत नव्हतं.

आता सर स्वतः बघायला येणार होते. वळलेली बाजू त्यांनी डोळ्यांनी बघितली तर सही. नाही तर विषय बंद, तिने कोळशाच्या खाणीकडे जायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. घरचे लग्नासाठी थांबायला तयार नव्हते, ते वेगळंच. हे सांगताना ती रडली नाही, म्हणून मला ती बरी वाटली.

वाकड्या तिने मागच्या पडवीत, पाटावर गोणपाट घालून, बाकीच्या दगडांपासून वेगळा ठेवला. कुणी हात लावायचा नाही, असं मुलींना बजावलं. बाकीचे चाळीसेक नमुने भिंतीकडेने वाळत होते.

सर येणार त्याच्या आदल्या दिवशी मला जव्हारला बैठक होती. तीही सरांना फोन लावायला माझ्याबरोबर आली. निघताना मी स्वयंपाकिणीला म्हटलं, "उद्या पुण्याचे सर येणार आहेत, जरा बरं जेवण कर." संध्याकाळची गाडी रद्द झाली, आम्ही एका ओळखीच्या शिक्षिकेकडे राहिलो. सकाळी स्टँडवर जाताना चाचा दुकान उघडत होते. त्यांनी मला हाक मारली.

"मॅडम, कौन आ रहा है? तुमचा माणूस काल पाच किलो घेऊन गेला."

मी म्हटलं, "कुणी नाही." पण गाडीत बसल्यावर मला पडवीतले दगड आठवले. माझ्या शेजारी ती मुलगी सरांना काय काय सांगायचं ते पुटपुटत होती.  घाटात तिला सांगून काय होणार होतं?

फाट्यावर उतरलो तर सरांची जीप तिथेच उभी. पंक्चर. सर साठीचे, उंच, गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं. त्यांना घ्यायला आमचे कामाठी आले होते. डोक्याला धुतलेला रुमाल, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत लाल.

"सगला झाला, बाय," ते मला हळूच म्हणाले. "एक पन दगड सोडला नाय."

आम्ही चालत वळणावर आलो आणि वसतिगृहाचं फाटक दिसलं. वाट इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. लाल, पांढरा, लाल, पांढरा, थेट ऑफिसच्या पायरीपर्यंत. मुली दोन्ही बाजूंना उभ्या राहून स्वागतगीत म्हणत होत्या. दर साहेबाला तेच गीत असायचं. त्यात 'आरोग्याचे दूत आले' असं होतं, ते बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पुण्याची मुलगी एका पांढऱ्या दगडापाशी थांबली. खाली वाकली. चुन्याखालून गुलाबी काहीतरी चमकत होतं. ती सरळ झाली तेव्हा तिचा चेहराही चुना दिल्यासारखा होता.

"छान टापटीप आहे," सर म्हणाले.

पायरीशी कामाठींनी सरांच्या हातात नारळ दिला. फोडायला नेहमीसारखा दगड तयार होता, गेरूने माखलेला. सरांनी नारळ उचलून असा जोरात हाणला की पाणी त्यांच्या चष्म्यावर उडालं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकिणीने नारळाचे तुकडे वेचून ओच्यात घेतले आणि आत गेली. कामाठी ड्रायव्हरबरोबर फाट्याकडे पळाले. चाक काढून मोखाड्याच्या गाडीवर चढवायचं होतं आणि मोखाड्यातला पंक्चरवाला त्यांच्या ओळखीचा होता.

मुलगी मागच्या पडवीत धावली. मी तिच्यामागे. भिंतीकडची जागा झाडून स्वच्छ केलेली. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला. गोणपाट घडी घालून दोरीवर.

"माझा वाकड्या कुठाय?" ती ओरडली.

स्वयंपाकीण आतून म्हणाली, "सगळे दगड त्यानं वाटेला लावलेत. रात्री मुलींना घेऊन रंगवत होता. मला काय विचारता, मी तांदूळ निवडत होते."

हे सरांना ऐकू गेलंच. ते पडवीत आले. तिने सांगून टाकलं. सरांनी वाटेकडे नजर टाकली. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा दुर्मीळ नमुना बाहेर रांगेत उभा आहे."

रडारड करण्यात अर्थ नव्हता. मी सरांना अंगणात खुर्ची दिली, शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि मुलींना म्हटलं, "एकेकीने एकेक दगड उचलायचा, धुवायचा आणि सरांना दाखवायचा. रांगेत."

रांगेची आमच्या मुलींना सवय होती. वजनाची रांग, गोळ्यांची रांग, इंजेक्शनची रांग. त्या दगड डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. सर भिंग डोळ्याला लावून बघायचे आणि म्हणायचे, "स्टिल्बाइट. पुढचा. हाही स्टिल्बाइट. पुढचा." चौथीतल्या एका मुलीने दगड दिला आणि सवयीने जीभ बाहेर काढली. सरांचं भिंग डोळ्याला होतंच, त्यांनी जीभही बघितली.

"पुढची," ते म्हणाले.

त्यानंतर सगळ्यांनीच जिभा दाखवल्या.

धुवूनही चुना निघेना तेव्हा मी म्हटलं, "लिंबू लावू का? तांब्याची भांडी लख्ख होतात."

"नको!" मुलगी आणि सर एकदम ओरडले. या कुळातल्या बऱ्याच दगडांना आंबट सोसत नाही म्हणे, जास्त कडक आम्ल पडलं तर त्यांचा चिकट लगदा होतो. त्या दिवशी गुरुशिष्यांचं एकमत झालेलं एवढं एकच.

रांग संपली. वळलेली बाजू एकाही दगडाला नव्हती. पुण्याच्या मुलीने वाट पुन्हा पायाखाली घातली, झाडांच्या आळ्यांत हात घालून बघितलं, विहिरीशी जाऊन आली. नाही.

"फुटला असेल," ती म्हणाली. "रंगवताना."

"किंवा नव्हताच," सर म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "हे बघा, चूक सगळ्यांची होते. पुढच्या आठवड्यात कोळशाचं बघू. जीप आली की मी निघतो. सामान बांधा, तुम्हीही चला."

ती खोलीत गेली. आतून हातोडी पिशवीत टाकल्याचा आवाज आला.

जीप आली नव्हती, म्हणून मी पानं वाढायला सांगितली. तांदळाची भाकरी, उडदाचं वरण, नारळाची चटणी. मुलगी भाकरीचे तुकडे करत बसली, खाल्लं काही नाही. सर मात्र भुकेले होते. दोन घास नीट गेले. तिसऱ्या घासाला कच्चकन आवाज आला. इतका मोठा की पलीकडच्या पंगतीतल्या मुलींनी माना वळवल्या.

सरांनी गालाला हात लावला. स्वयंपाकिणीने जागेवरूनच सांगून टाकलं, "तांदूळ मी दोनदा निवडलाय."

"तांदळात नाही," सर म्हणाले. "चटणीत आहे." त्यांनी जिभेवरून एक खडा काढला, तांदळाच्या दाण्याएवढा. तो ते टाकणार होते. पण आयुष्यभर खडे बघत आलेला माणूस. त्यांनी तो रुमालाला पुसला, दुसऱ्या हाताने भिंग उचललं आणि बघितला. मग उजेडाकडे वळून पुन्हा बघितला.

"ही चटणी कशाची?" त्यांनी विचारलं.

"नारळाची. जाडसर वाटलीय, खोबऱ्याचा कण असेल."

"नारळ कुठला?"

"तुम्हीच फोडला की!"

सर उठले, उष्ट्या हाताने. मुलगी उठली. मी उठले. स्वयंपाकीण पळी घेऊन आमच्यामागे. पायरीशी तो गेरूने माखलेला दगड होता तिथेच होता. वाटेवरचे सगळे दगड आम्ही धुतले होते, हा धुतला नव्हता, कारण हा वाटेवरचा नव्हता. हा नारळाचा होता. मुलीने त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. साधा पाण्यात कालवलेला गेरू, चिकटायला खळ घातलेली नव्हती, स्फटिकांवरून लाल ओघळ होऊन निघून गेला. मधोमध नारळाच्या घावाने भुगा झालेला. पण कडेने पांढरे स्फटिक शाबूत, आणि बाजू वळलेल्या, पापडासारख्या.

सर पायरीवर मांडी घालून बसले. भिंगातून इतका वेळ बघत राहिले की त्यांच्या हातावरची चटणी वाळली.

"सर?" मुलगी म्हणाली.

"निम्मे मी फोडले," सर म्हणाले.

"पण आहे ना, सर?"

"आहे. आहे ना. बघा की ही बाजू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, उरलेली चटणी फेकू नका."

चटणी आम्ही चाळणीत धुतली. आणखी तीन कण मिळाले. तोपर्यंत कामाठी आणि ड्रायव्हर चाक घेऊन परतले. मी त्यांना विचारलं, "हा दगड नारळाला का घेतला?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "ताईनं पाटावर ठेवला होता ना, गोनपाट घालून. मंजे मानाचा. मानाचा दगड वाटेला कसा लावनार, बाय? आनि वर टोका पन होती. नारल झ्याक फुटतो." वर म्हणाले, "त्याला दोन हात दिले गेरूचे. बाकीच्यांना एकच."

सर त्यांना म्हणाले, "बरोबर केलंत." दुसरं काय म्हणणार, नारळ त्यांच्याच हाताने फुटला होता.

विषय बदलायचा राहिला. सामान बांधलेलं होतंच, पण आता ते वेगळ्या कारणाने जीपमध्ये चढलं. वाकड्याला पुन्हा घाट उतरायचा होता, म्हणून स्वयंपाकिणीने कोठीतला मोठा डबा काढला, त्यात नागली भरली आणि दगड मधोमध पुरला. डबा मुलीने मांडीवर घेतला. ड्रायव्हर जोरात जाईल या भीतीने सर पुढे बसून त्याला सारखे "हळू, हळू" म्हणत होते. जीप वळणावरून दिसेनाशी व्हायला एवढा वेळ लागला की मुलींनी स्वागतगीत पुन्हा एकदा म्हणून घेतलं. डबा परत आला नाही. नागलीही नाही.

विहिरीला पाणी लागलं. मे महिन्यापर्यंत पुरलं नाही, पण हंडे दरीत उतरायचे ते दोन महिने उशिरा उतरायला लागले.

सरांनी सही केली, यंत्राने हो म्हटलं, आणि काही वर्षांनी पोस्टाने तिचा प्रबंध आला, जाड, निळ्या पुठ्ठ्याचा. मला त्यातलं फारसं समजलं नाही. पण मधे एक रंगीत पान होतं, पानभर फोटो, वाकड्याचा. स्फटिक पांढरे चमकत होते आणि खालचा सगळा दगड तांबडा. फोटोखाली लिहिलं होतं की बाह्य पृष्ठभागावरील लाल थर नैसर्गिक नाही.

मी तो फोटो कामाठींना दाखवला. त्यांनी पुस्तक उन्हात धरलं, डोळे बारीक केले आणि बराच वेळ बघितलं.

"कडेला राहिलाय जरा," ते म्हणाले. "तिसरा हात द्यायला पायजे होता."